शाई

योएन्सू, जानेवारी. दुपारी तीनलाच
नदीवरचा बर्फ पाटीसारखा काळवंडतो.
मी सेया नूतिनेन, तिसऱ्या मजल्यावरची सहायक.
एकतीस वर्षं काचेची भांडी भट्टीत वाळवते
आणि आत पाण्याचा एक थेंब जाऊ नये म्हणून
दारवानासारखी बसून असते.

पॉलिथिनला मी चांगली ओळखते.
कार्बनला कार्बन, हातात हात, हजारोंची रांग,
पण रांगेबाहेर कुणाकडे बघणं नाही.
रंग लावा, ओघळतो. गोंद लावा, सुटतो.
शाईचं तर विचारूच नका,
पालथ्या घड्यावर पाणी.
म्हणून आमच्या प्रत्येक नमुन्याला
दोऱ्यानं बांधलेली कागदाची चिठ्ठी असते,
प्रसूतिगृहातल्या बाळाच्या मनगटाला असते तशी.

वेइक्कोला त्या रांगेत मधूनमधून
एक परका उभा करायचा होता:
मिथाइल ॲक्रिलेट,
नाकाला झोंबणारं, ऑक्सिजन मिरवणारं.
ऐकायला सोपं.
टायटॅनियम त्या ऑक्सिजनला बघताच मिठी मारतं
आणि मिठीतच मरतं.
झिर्कोनियमची तीच गत.
निकेल दहा मिनिटं तग धरायचं, मग काळं पडायचं,
तळाशी लागलेल्या दुधासारखं.
ती भांडी घासायची मी.

उरलं पॅलेडियम. महाग.
सोनारानं ठेवावा तसा मिलिग्रॅमचा हिशेब मी ठेवते.
त्याच्या एका कुशीला फॉस्फरस, दुसऱ्या कुशीला सल्फोनेट;
दोघांची ओढ सारखी नाही.
त्या ओढाताणीतच म्हणे जागा होते,
आलेल्याला घ्यायला
आणि घेतलेल्याला पुढे सारायला.
वेइक्को हे फळ्यावर बाण काढून सांगतो.
मला बाण कळत नाहीत, पण
घरात दोन माणसं कशी राहतात ते कळतं.

प्रयोग दोनशे सतरा.
नऊ वाजता झडप उघडली, बंद केली. ऐंशी अंश.
दाबाचा काटा हलत नाही
म्हणजे आत कुणी इथिलीन खात नाही.
दहाला कॉफी. अकराला पुन्हा कॉफी.
मग काटा ढळला,
इतका हळू की मी चष्मा पुसला.
“गळती असेल,” मी म्हटलं.
साबणाचं पाणी केलं, ब्रशनं एकेका जोडाला लावलं.
एकही बुडबुडा नाही.
वेइक्को खाली बसला, जमिनीवरच.

मेथॅनॉलमध्ये ओतलं तेव्हा पांढरे गोळे खाली आले,
भिजलेल्या पावासारखे, दिसायला काहीच नाही.
रात्रभर सुकवलं. सकाळी गरम पोलादी पाट्यांमध्ये दाबून
पापुद्रा काढला.
इन्फ्रारेडच्या आलेखावर सतराशे पस्तीसपाशी
एक टोक वर आलेलं.
प्राध्यापिका इर्मेली कोक्को आल्या, कागद उजेडात धरला,
म्हणाल्या, “शंभरात तीन. फक्त तीन?”
आणि त्यांच्या बैठकीला गेल्या.
वेइक्को बोटाच्या नखाकडे बघत राहिला.

मी पापुद्र्याचा एक चौकोन कापला.
पिशवीत उर्होचं शाईपेन होतं.
तळ्यावर कुठे भोक पाडलं, किती मासे लागले,
तो त्यानंच टिपायचा; चार वर्षं झाली, मी नुसती शाई भरते.
टोक टेकवलं. लिहिलं: दोन, एक, सात.
शाईनं थोडं अंग चोरलं,
आता थेंब होऊन पळणार असं वाटलं,
आणि मग ती बसली.
मी अंगठा फिरवला.
सातचा पाय जरा फिसकटला.
बाकी जिथल्या तिथे.

“सेया,” वेइक्को म्हणाला, “ते पेन दे.”
त्यानं काय लिहिलं ते मी बघितलं नाही,
भांडी पडली होती.

चिठ्ठी मात्र आधीच लिहून ठेवलेली, दोऱ्यासकट.
टाकवेना. खिशात घातली.
रात्री दारात किल्ली शोधताना
हातमोज्यातल्या बोटांना
आधी दोराच लागला.