जोड

जगनाडे चौकाच्या पुढे, टायरवाल्याच्या बाजूला
माझं टिनाचं शेड. मे महिन्यात
वेल्डिंग न करताही इथं पत्रा चटका देतो.
पाटी माझ्याच हातची: नंदनवार फॅब्रिकेशन,
ग्रिल, गेट, पाळणे, गाडीचे गार्ड.

गार्डाचा पाईप दोन इंची.
उंची कोणी शिकवली नाही, मीच ठरवली:
माझ्या मांडीच्या मधोमध येईल अशी.
कधी विचारलं नाही स्वतःला
की माप घ्यायला मी मांडीच काऊन वापरतो.

हेडाऊ साहेबांची पांढरी गाडी आली.
म्हणाले, "रात्री मानेवाडा रिंग रोडनं येतो,
गाई बसून राहतात ना रस्त्यात.
गाडीला ओरखडा नको, बस."
मी म्हटलं, भिंत पडेल साहेब, हा वाकणार नाही.
चार हजार आठशे. काळ्या कोटाचे वेगळे.

गाय कधी आडवी आली नाही.

बुधवार बाजारातून वनमाला पराते निघाली होती,
शाळेच्या खिचडीवर कामाला असते ती,
पिशवीत कांदे, वर सांबाराची जुडी.
वेग तीसही नव्हता. ब्रेक दाबला होता साहेबांनी,
खोटं काऊन बोलू.
नुसता पत्रा असता तर चेपला असता,
बाई निळीकाळी झाली असती,
शिव्या देत घरी गेली असती. कदाचित.
हे मला नंतर सांगितलं शोरूमच्या पोट्ट्यानं:
"काका, पुढचा भाग मुद्दाम नरम ठेवतात.
मोडणं हेच त्याचं काम.
तुमच्या पाईपानं आतला सेन्सरही बहिरा होऊ शकतो,
मग साहेबांचाही फुगा उघडत नाही वेळेवर."

चौथ्या दिवशी साहेब आले. मला गाडीभोवती फिरवलं.
"पाहा बाप्पा, एक पोचा नाही! काय काम करतोस तू!"
आणि खरं सांगतो, आधी मला
बरं वाटलं.

मग उकिडवा बसून पाहिलं.
जोडाच्या फटीत, जिथं ग्राइंडर नीट फिरला नव्हता,
सांबाराचं एक पान
वाळून चिकटलं होतं.

मेडिकलला गेलो. कोण म्हणून सांगायचं?
म्हटलं, ओळखीचा आहे.
बाईनं चादर सरकवली नाही,
बोटानं वरूनच रेघ ओढली: इथून इथवर रॉड.
बरोबर मधोमध.
"तुम्ही का करता?"
जोडतो, म्हटलं. लोखंड.
"मंग डॉक्टरासारखंच," म्हणाली,
आणि पाण्याची बाटली मागितली.

काटोलकडे मामाच्या घरी एक मारका बैल होता.
गळ्यात लोढणं, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या,
पोळ्यालाही लेकरांना चार हात लांब उभं करायचे.
त्याची शिंगं त्याला जन्मानं मिळाली होती,
तरी मामा शरमायचा.

काल एक जण काळी गाडी घेऊन आला.
मी म्हटलं, बंदी आहे त्याच्यावर.
तो हसला. दुपारी रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये
ठिणग्या उडताना दिसल्या.

पाटीवरचे शेवटचे दोन शब्द मी खरवडून काढले.
ऊन तिरपं पडलं
की अजून वाचता येतात.