जुन्यासारखी

दुकानदारीण फेलिज्मिना खोटं बोलत नाही.
"जुनी नाही हं ही, जुन्यासारखी आहे,"
म्हणते, आणि खोक्यातल्या पातळ कागदातून
जाळीची ओढणी बाहेर काढते,
तापल्या दुधावरची साय उचलावी तशी, श्वास रोखून.

रंग चहाचा. खरंच चहाचा;
मागच्या खोलीत पातेल्यात बुडवून आणलेला.
कपाळावर घट्ट बसणारी टोपी,
कानांपाशी मेणाची संत्र्याची फुलं,
आणि मग नुसती घसरण, पायांपर्यंत.
आज्यांच्या काळात म्हणे अशीच असायची.
माझ्या आजीचं लग्न काळ्या कपड्यांत झालं.
तिच्याकडे चांगले तेवढेच होते.

"आईची नाही का ठेवलेली?"
आई खुर्चीत बसलीय, मांडीवर पर्स, कोट न काढता.
आईचं लग्न सह्यांवर झालेलं.
नवरा लुआंडाच्या बंदरात, क्रेनवर;
ती इथे, विला दो कोंदच्या कचेरीत, एका मंगळवारी.
शेजारी नवऱ्याच्या जागी धाकटा दीर,
नवऱ्याचाच कोट घालून,
बाह्या बोटांवर आलेल्या.
मध्ये अख्ख्या समुद्राचा अंतरपाट.
तो दूर व्हायला चौदा महिने लागले.
चेहरा झाकायचा कुणासाठी, आणि उघडायचा कुणी?
दिरानं?

ते चौदा महिने ती
उशीवर टाचण्या रोवून, लाकडी बॉबिनं खडखडवत
दुसऱ्यांच्या लग्नाच्या जाळ्या विणत होती.
वितीच्या हिशोबानं पैसे.

म्हणून मी विकत घेतेय
आमच्या घरात कधीच नसलेली
एक जुनी वस्तू.
वारसा, दोन हप्त्यांत.

आई उठते. चष्मा लावते. कड उलटी करून बघते.
"यंत्राची. पाठीमागे एक गाठ नाही."
फेलिज्मिना खिडकीबाहेर बघू लागते.
"बाईमाणसानं विणली की कुठेतरी चुकतेच.
मूल रडतं, कालवण करपतं.
मी बोट ठेवून सांगायचे,
इथे देओलिंदा उठून गेली होती."

पण घालते तीच माझ्या डोक्यावर.
पिना ओठांत धरलेल्या, म्हणून बोलता येत नाही तिला;
ते आम्हा दोघींच्या पथ्यावरच पडतं.
आतून दुकान म्हणजे पहाटेची नदी.
आई पुसट, सुरकुत्या गेलेली,
माझ्याहून लहान.

मग ती जाळीचं टोक चिमटीत धरते
आणि सावकाश वर उचलते,
टोपलीवरचं ओलं फडकं उचलून
मासळी ताजी आहे का बघावं तसं.
बराच वेळ बघते.
कुणाला शोधते, कोण जाणे.

"डावीकडची फुलं काढ," म्हणते. "जास्त झालीत."

शनिवारी चर्चच्या पायऱ्यांवर समुद्राचा वारा.
दारातल्या खिळ्यात टोक अडकतं,
टर्रकन आवाज होतो.
पाद्री थबकतो, करवल्या तोंडावर हात ठेवतात,
दुसरा हप्ता अजून द्यायचाय.

आई तेवढी हसते.