तीन श

माझ्या सहीत तीन श येतात.
शशिकला शेलार.
प्रत्येक श ला गाठ मारावी लागते
आणि गाठ म्हटलं की माझी बोटं चिडतात.

नेरुळच्या हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर,
जुईलीने संमतीपत्र पुढे ठेवलं. अकरा पानं,
मराठीत, पण घसा कोरडा पडेल अशा मराठीत.
'सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी,
कोणतेही कारण न देता, माघार घेऊ शकेल.'
एवढं वाक्य मी तिला पुन्हा वाचायला लावलं.
चोपन्न वर्षांत अशी मोकळीक
कुणी मला लिहून दिली नव्हती.

पहिल्या पानावरची सही आणि अकराव्या पानावरची
सख्ख्या वाटेनात, चुलत वाटल्या.
चालेल का गं? बँकेत परत पाठवतात.
काकू, इथे चालतं, ती म्हणाली. त्यासाठीच तर आलात.

मला नंबर मिळाला: शून्य एक सात.
त्यात नवल ते काय.
कोपरखैरण्यात माणूस आधी सेक्टर असतो,
मग लाइन, मग रूम नंबर,
आणि उरला वेळ तर अमक्याची बायको.

डॉक्टर महिन्याला अठ्ठावीस सांधे दाबतात.
मी हं म्हणते, जुईली खूण करते.
घरी डायरी: सकाळी बोटं किती वेळ आखडलेली, मिनिटांत लिहा.
मी लिहिते, नळाला पाणी आल्यापासून जाईपर्यंत.
मग खोडून, पंचाहत्तर.

अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतीच गोळी.
कुणाला काय, ते डॉक्टरांना ठाऊक नाही,
जुईलीला नाही, आम्हाला नाही.
घणसोलीच्या भानुमती मढवींना हे पटतच नाही.
म्हणजे सगळ्यांनी मिळून आंधळी कोशिंबीर?
त्या फिस्कन हसतात
आणि हसता हसता जबडा धरतात.

मला मात्र कळू शकतं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
एकोणीस वर्षं रबाळ्याला पॅकिंगमध्ये होते.
दहाची पट्टी, दहा पट्ट्यांचा बॉक्स,
आणि हवेत बारीक पूड.
मास्क काढून ओठ चाटले
की कुठली बॅच चालू आहे ते सांगायची मी.
औषध मागून येतं, कानाखाली झोंबतं.
नुसती गोळी बसून राहते जिभेवर
बोलायला विषय नसलेल्या पाहुण्यासारखी.

म्हणून मी गोळी जिभेवर टेकू देत नाही.
थेट घशात, वर तांब्याभर पाणी.
कळलं तर माझं पान फुकट जाईल,
आणि रबाळ्याच्याच लाइनवर आता
कुणी सव्वीसची पोरगी उभी असेल,
सकाळी मूठ वळत नाही
ती झोप पुरली नाही म्हणून, असं समजणारी.

चौथ्या महिन्यात, एका मंगळवारी,
लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरलं.
मी सवयीने नुसता हात लावला होता,
ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं होतं.
ते तसंच राहिलं.
तेल मनगटावर ओघळलं.

औषध?
की खडू?
की मे महिना, बाकी काही नाही?

हे वाशीच्या मार्केटातून आले, अंगाला मिरचीचा वास.
लागू पडलं म्हणायचं का?
म्हटलं, बरणी उघडली. जेवायला बसा.

उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या असतात.
जुईली मोजायला घेते, त्याआधी
पट्टीवरून अंगठा फिरवून मी सांगते, नऊ.
ती तरीही मोजते. नऊ.
मग फॉर्म सरकवते, इथे सही, तारीख.

पहिला श बसला.
दुसराही, वेलांटीसकट.
तिसऱ्याची गाठ अजून उघडीच राहते.
राहू दे.
तो लग्नानंतर आलेला.