समास किती सोडू?

पंचगंगा उतरल्यावर आठव्या दिवशी
पुलपिटावरचं शास्त्र आलं माझ्याकडं,
रिक्षातनं, चादरीत गुंडाळून,
पेशंट आणावा तसं.

बिंदू चौकामागं माझं बाइंडिंगचं दुकान.
रोजमेळ, सातबारे, कोर्टाची बाडं.
मागं एका सिस्टरबाईंचा ग्रंथ बांधला,
त्यात सात पुस्तकं जास्त होती. मला काय,
मी पानं मोजतो.

पाळक सिलास रणभिसे, तिशीच्या आतले,
बोलताना बोट वर.
"छापलेलं तेवढं ठेवा. मागं चिकटवलंय ते काढा.
समासातली खरड कापून टाका.
वचनाला टेकू लागत नाही."

तबीथाबाई घोलप पायरीवर, भिजलेली चप्पल हातात.
"कापा की.
प्लेगाच्या साली गाव माळावर झोपड्यांत.
पाव कुठला मिळतोय!
हाबेल मास्तरांनी भाकरी मोडली, गुळाचं पाणी फिरवलं,
अकरा माणसं होती.
तवापासनं वर्षातनं एका रविवारी आम्ही भाकरीच घेतो.
ते मागच्या कागदावर लिहिलंय. तो कापला
तर त्या अकरांना बसवू कुठं?"

"भाकरी कुठं लिहिलीय?"
"मागच्या कागदावर."
"शास्त्रात कुठं?"
"शास्त्राला चिकटून."

मी हसलो नाही. गिऱ्हाईक.

रात्री पंखा लावून पानं सोडवत बसलो,
हाडाची पट्टी, टीपकागद, चहा.
समासात आधी मोडी, मग बाळबोध, मग बॉलपेन.
"येथे थांबणे."
"मयतीस हा अध्याय नको."
"पाऊस नाही. पुन्हा वाचला."
एका ओळीशेजारी नुसतंच, "खरे काय?"
खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताचं, "होय."
एका ठिकाणी अक्षर नाही, नखाची रेघ.

एक गोष्ट दोघांनाही सांगितली नव्हती.
मागचा कागद उचलला की पुठ्ठ्याचा सांधा सुटतो,
शेवटचे दोन अध्याय त्याच्याच जिवावर उभे आहेत.
आणि कसर लागलीय ती त्याच कागदाच्या खळीला.
गव्हाची खळ. खात खात किडा आत गेलाय
थेट त्या नव्या नगरीपर्यंत,
तिच्या बारा वेशींत
तीन भोकं जास्त.

तिसऱ्या दिवशी पाळक एकटेच आले.
अनुक्रमणिकेचं पान पुरात गेलेलं,
पानांचे आकडे पुसलेले,
टेबलावर सहासष्ट सुटी बाडं.
म्हटलं, क्रम सांगा, नवी लिहून लावतो.
"शास्त्रात बघून सांगतो," म्हणत हात पुढं केला
आणि हात तसाच राहिला.

मग डोळे मिटले.
अंगठा करंगळीच्या पेरावर.
चालीत सुरू झाले, एका पेरावर एक नाव,
मोशेची पाच भराभर,
राजांपाशी श्वास,
धाकट्या बारा संदेष्ट्यांत कुठंतरी चुकले,
मधनं धरता येईना,
पुन्हा पहिल्यापासून,
पायरी चुकलेलं पोर खाली जाऊन जिना चढतं तसं.

"ही चाल सेमिनरीत शिकवतात?"
"आईनं," म्हणाले. "जयसिंगपूरला. चुलीपुढं.
तिला वाचता येत नव्हतं."

मी टाक खाली ठेवला नाही.
शाई वाळेपर्यंत दोघंही पानाकडंच बघत होतो.
मग कटरचा दांडा वर करून विचारलं,
समास किती सोडू?

बराच वेळ मोडी अक्षरावर हात फिरवत राहिले,
ती त्यांना वाचता येत नव्हती.
"बोट ठेवायला जागा राहील, एवढा."

"आणि मागचा कागद?"
उत्तर आलं नाही. म्हणजे मीच ठरवायचं.
म्हटलं, ठेवतो, पण कसर मारावी लागेल,
नव्या खळीत मोरचूद घालतो.
विषारी असतं.
भाकरीच्या रविवारी
जरा लांब ठेवा.