आपत्कालीन संपर्क

सोमवारी बारापर्यंत सही पाहिजे, म्हणाला शिरोलीचा मॅनेजर,
आणि कागद टेबलावरून माझ्याकडं सरकवला
जसा डेअरीत फॅट कमी लागलेला कॅन
आम्ही पायानं सरकवतो बाजूला.

बावीस चाकी ट्रेलर. फौंड्रीतलं ओतकाम होसूरला न्यायचं,
होसूरहून रिकामं फिरायचं नाही,
तिथून पुढं माल नेईल तिकडं.
पगार एकतीस हजार, भत्ता वेगळा, पीएफ, विमा.
महिन्यातनं सहा रात्री घरी, शक्यतो.
ते 'शक्यतो' मी दोनदा वाचलं.

केबिनमध्ये कॅमेरा, त्याचं तोंड ड्रायव्हरकडं.
जांभई दिली की पिपाणी वाजते
आणि पुण्याच्या ऑफिसात कुणाला तरी कळतं.
शशिकला म्हणाली, घरात बी बसवा की त्यो एक,
मी बोलाय लागली की किती जांभया देतासा
त्ये तरी कळंल कुणाला.

आत्ता माझ्या हाताखाली दुधाची पिकअप.
पहाटे साडेतीनला पुईखडीचा चढ,
मग वाशी, कांडगाव, हळदी, बेचाळीस कॅन,
कांडगावात थंडीची एक म्हातारी बॅटरी धरून उभी असते
फक्त माझी गाडी वळेपर्यंत.
हळदीत दौलू चौगले कॅन मोजतो मोठ्यानं
आणि दर वेळी सतरा विसरतो.
नऊला घरी, भाकरी तव्यावर.
पगार सोळा. अकरा वर्षं सोळाच्या आगंमागं.

तेजलनं नर्सिंगची फी एका चिठ्ठीवर लिहून
फ्रिजला चुंबकानं लावलीय. बोलत काही नाही.
फ्रिज उघडला की फी हलते.

शनिवारी रात्री तावडे हॉटेलपाशी जाऊन बसलो.
इलाही मुजावर भेटला, तीस वर्षं ट्रेलरवर काढलेला,
आता पंक्चरच्या दुकानात नुसता बसून असतो.
म्हटलं, काय करू? म्हणाला,
आदी सीटची गादी बघ. कंबर गेली
की पगार मेडिकलवाल्याचा.
मग बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिला.
एक कंटेनर पुण्याकडं गेला, दोन कागलकडं.
म्हणाला, आमच्या मुश्ताकचा आवाज कवा फुटला
मला ठावंच न्हाई. विजयवाड्यास्नं फोन लावला घरी,
तर कोण बाप्या बोलला तिकडनं.
म्या इचारलं, कोण तुमी?

तो हसला. मी पण हसलो.
चहाचे पैसे दोघांनीही काढले.

रविवारी जेवणं झाल्यावर फॉर्म घेऊन बसलो.
नाव. लायसन नंबर. रक्तगट मला आठवेना,
आतनं शशिकला म्हणाली, बी पॉझिटिव्ह.
आपत्कालीन संपर्क : शशिकला.
नातं : पत्नी.
नंबर.

पेन तिथंच थांबलं.
फोनमध्ये ती 'घर' म्हणून आहे,
दाबलं की लागतं, आकडे कधी बघितलेच नाहीत.
घरातच बसलो होतो
आणि घराचा नंबर हुडकत होतो.
सांगू का? ती म्हणाली.
नको म्हटलं. पाठ करतो.

आज सोमवार. कागद डॅशबोर्डवर,
उदबत्तीच्या पुड्याखाली, सही सोडून सगळा भरलेला.
चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दहा आकडे म्हणत आलो,
शेवटचे तीन सारखेच आहेत तिचे,
इतक्या वर्षांनी कळलं.
वाशीत चुकलो, कांडगावात बरोबर आले.
म्हातारीनं बॅटरी विझवली.

हळदीत दौलू मोजत होता,
पंधरा, सोळा, अठरा.
सतरा राहिला, मी म्हटलं.
तो कॅन उचलता उचलता म्हणाला,
तू सांगतोस की रोज,
म्हणून तर ऱ्हातोय.