माया बाहेरच्या बाजूला

शुक्रवारचा बाजार म्हणून दुकान उशिरा उघडलं,
तर पायरीवर सुलक्षा मायणकर, डिचोलीहून आलेली,
मांडीवर सात महिन्यांचा तन्वेश.
बांबोळीच्या थेरपीवालीनं कागदावर चित्र काढून दिलेलं:
घट्ट बनियन, मांड्यांपर्यंत, खाली टिचबटणं.
बाहेरून मागवायचं तर नवऱ्याचे दोन पगार.
तुम्ही कांदोळीच्या दुकानाला पोहायचे कपडे शिवता ना,
तेच कापड, ती म्हणाली.

माप घ्यायला मी त्याला काखांत धरून उचललं
आणि तो निसटला,
ओल्या हातातून बांगडा जावा तसा,
खांदे वर, बाकीचा खाली.
सुलक्षाचा हात आधीच तिथं होता.

छाती एक्केचाळीस.
पोट बेचाळीस, रडला तर त्रेचाळीस.
कागदावर लिहिलेलं: दोन सेंटीमीटर कमी कापा.

तीस वर्षं म्हापशात शिवते,
पोरांचं कापड कधी कमी कापलं नाही.
वाढतं अंग, माया ठेव गो,
मशीनवर बसवताना आईनं एवढंच शिकवलं.
पण हे कापड माया आत घेत नाही.
शिवण टोचते, वळ उठतात.
मग उलटं शिवलं.
माया सगळी बाहेरच्या बाजूला,
आत नुसतं गुळगुळीत.

पोपटी रंग. उरलेला तोच होता.
पहिलं गळ्यात फसलं.
दुसऱ्याला पाठीवर तिरकी पट्टी, खांद्यापासून कमरेपर्यंत,
झिगझॅग टाका, ताणला तरी न तुटणारा.

घातल्यावर रडला नाही.
गप्प झाला, कान दिल्यासारखा.
त्याला कळत नाही म्हणे, सुलक्षा म्हणाली,
आपण कुठं संपतो ते.
कापड सांगतं.

मी काय बोलणार.
दोन तासांनी काढून बघा, म्हटलं,
वळ वीस मिनिटांत गेले नाहीत तर घेऊन या,
पैसे नंतर.

आता दर दोन महिन्यांनी येते.
मान धरतो का, मी विचारत नाही.
कधी तीच सांगते: काल दहा आकडे मोजले.
कधी नुसती बटणं लावत बसते.
जुनं परत देते,
मी धुऊन डब्यात ठेवते. कशाला, ठाऊक नाही.

वहीत दोन ब्लाउज आणि एका रशियन बाईच्या बिकिनीमध्ये
त्याची ओळ आहे.
छाती त्रेचाळीस.
टेप मी दोनदा लावली.
वाढतं अंग.
दोन कमी.