टरफलं महाग झाली तेव्हा

शेंगांच्या टरफलांचं पोतं ऐंशीवर गेलं
तेव्हा म्हटलं, राहू दे,
घरात कागद काय कमी आहे.

विडी घरकुलात, मागच्या बाजूला, नहाणीला लागून
चार कोंबड्या, एक पिलू,
आणि मोडीत काढलेल्या मागाच्या फळ्यांचं खुराडं.

पहिल्याच दिवशी चुकले.
मतदानाआधीचे दिवस होते,
दाराच्या फटीतून रोज दोन-तीन हसरे चेहरे आत यायचे,
जाड, चकचकीत, हात जोडलेले.
तेच अख्खे अंथरले.
सकाळी पिलू घसरून पडलेलं,
दोन पाय दोन दिशांना,
पानं कापून झाल्यावर उघडी टाकलेली कात्री तसं.

बालमणी भिंतीवरून डोकावली :
"काय करलालीस गं?
त्याच्यावर माणूस उभा राहिना,
पिलू काय राहील?"

विडीचा दोरा घेतला.
विडीला मारते तसेच दोन वेढे,
पाय जवळ आणून, मध्ये बोटभर जागा ठेवून.
चौथ्या दिवशी सोडला.
चालतंय आता. जरा तिरकं.

तेव्हापासून चकचकीत कागद बाहेर.
बाकी सगळं चालतं.
लाइटची बिलं, भरलेली आणि न भरलेलीसुद्धा,
पोरीच्या अकरावीच्या वह्या,
सिद्रामअण्णांचा शिळा पेपर,
ज्यात पाणी पाच दिवसांआड असं छापलेलं असतं
आणि सहाव्या दिवशीही आलेलं नसतं.
फाडायचं हातानं, बोटभर रुंद.
माझी बोटं रोज हजार विड्या वळणारी,
पट्ट्या आपोआप एकसारख्या निघतात.
मुद्दाम वाकड्या फाडते,
सरळ पट्ट्या एकावर एक बसतात, ओल्या झाल्या की थापी होते,
वास उठतो, आणि मग बालमणी पुन्हा भिंतीवर.

लग्नपत्रिका असली तर
वरचा गणपती आधी कात्रीनं कापून घेते.
चहाच्या डब्यात एकोणीस गणपती साठलेत.
त्यांचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.

मग एका दुपारी, चव्वेचाळीस डिग्रीच्या,
पंखा नुसताच गरम हवा हलवत असताना
हे माळ्यावरून फाइल घेऊन उतरले.
टॉवेलचा कारखाना बंद पडला तेव्हापासूनची,
थकलेल्या पगाराचे अर्ज, पोचपावत्या, स्मरणपत्रं,
स्मरणपत्राचं स्मरणपत्र.
"घे."
"सगळी?"
"कार्बनच्या प्रती आहेत. शाई लागते का बघ त्यांना."

फाडायला स्वतःच बसले.
माझ्यासारखं भराभर नाही.
आधी चष्मा, मग कागद पूर्ण वाचायचा,
खालची सहीसुद्धा, मग उभा फाडायचा.
पाच वाजले तरी बावीस वर्षांतली सहाच झाली होती.
मी पानं भिजत घातली, चहा केला,
काही बोलले नाही.

संध्याकाळी दार उघडलं खुराड्याचं
तर काळी कोंबडी बाहेर आली
नखात एक पट्टी अडकवून.
अंगणभर फिरली, बालमणीच्या दारापर्यंत गेली, परत आली.
पट्टीवर एवढंच होतं : सविनय.

हे हसले नाहीत.
म्हणाले, "बघ,
शेवटी अर्ज पुढे सरकला."

आठवड्यानं तो सगळा कागद
घाण होऊन, भुगा होऊन
शेवग्याच्या बुंध्याशी गेला.
या वर्षी शेंगा लांब आल्यात.
कागदानं आल्या असं मी म्हणणार नाही,
नहाणीचं पाणीही तिकडंच जातं.

कोंबड्यांना आता सवय झालीय.
पट्ट्या पायानं उकरतात, खळगा करतात,
बसतात, आणि उठतात तेव्हा खाली ऊब असते.
कधी अंड्यावर पेपरची शाई उमटते,
उलटं एखादं अक्षर, वाचता न येणारं.
उकडलं की जातं.

ते तिरकं पिलू मात्र
मोठं होऊन अंड्यावर आलं
तरी कागदावर बसत नाही.
कोपऱ्यातला सगळा बाजूला सारते
आणि उघड्या फरशीवर घालते.
हे म्हणतात, घालू दे तिला तिथंच,
तिनं एकदा विश्वास ठेवून बघितलाय.